मॉरिशस: भारताशी असलेलं नातं, विकास आणि प्रवासाचे कागद – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसबद्दल मराठी माणूस साधारण दोन प्रसंगी विचारतो. एक तर मधुचंद्राची सहल ठरते तेव्हा, नाहीतर ‘तिकडे म्हणे आपली मराठी माणसं आहेत’ असं कानावर येतं तेव्हा. या दोन्हींच्या मधला देश मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्याने कुणाकुणाशी करार केले, स्वतःचं पोट कसं भरलं, भारताकडून काय घेतलं आणि कुठे हात आखडता घेतला, याची ही प्रश्नोत्तरं आहेत. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती म्हणजे कागद. या बेटाचं भारताशी नातं रक्ताचं आहेच, पण ते टिकलं आणि आज उपयोगाला येतंय ते कागदांमुळे.

मॉरिशस नेमका आहे कुठे आणि केवढा?

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला. क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यापेक्षाही बरंच कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. मुख्य बेटाशिवाय रॉड्रिग्ज हे २००२पासून स्वायत्त असलेलं बेट, उत्तरेला सुमारे ११०० किलोमीटरवरची अगालेगाची दोन बेटं आणि वादात अडकलेला चागोस द्वीपसमूह हेही देशाचे भाग आहेत. राजधानी पोर्ट लुई. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

डच, मग फ्रेंच आणि १८१०पासून इंग्रज, अशी सत्ता बदलत गेली. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला आणि १९९२मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक बनला. ही तारीख मुद्दाम निवडलेली आहे. १९३० साली गांधीजींची दांडीयात्रा याच दिवशी निघाली होती. स्वतः गांधीजी १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून मुंबईला परतताना जहाज थांबलं म्हणून इथे उतरले होते. त्यांच्या सांगण्यावरून १९०७ साली मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर इथे आले आणि मजुरांचे खटले लढले.

लोक त्याला ‘छोटा भारत’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

निम्मंच बरोबर आहे आणि माझ्या मते हा शब्द वापरू नये. दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे आहेत हे खरं. पण तिथे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आहेत, चिनी आहेत, फ्रेंच मळेवाल्यांचे वंशजही आहेत. घराघरांत आणि बाजारात क्रिओल बोलली जाते, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, संसदेचं कामकाज इंग्रजीत. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी असते आणि २ नोव्हेंबरला भारतीय मजूर आल्याची. दोन्ही दिवस सगळा देश पाळतो. ‘छोटा भारत’ म्हटलं की या बाकीच्या लोकांना आपण पुसून टाकतो आणि तिथल्या भारतीय वंशाच्या माणसालाही आपला देश कुणाची तरी शाखा असल्यासारखं वाटतं. ते पहिल्यांदा मॉरिशियन आहेत.

मराठी माणसं तिकडे पोहोचली कशी?

गुलामगिरी संपायला आली तसे उसाच्या मळ्यांना हात कमी पडू लागले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. करार पाच वर्षांचा, मजुरी महिन्याला पाच रुपये आणि वर शिधा. पुढच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं या बंदरातून आत आली. त्यांतले बरेच बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, कलकत्त्याहून चढलेले. मग मद्रासकडचे तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांत कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या लोकांचा भरणा होता.

ज्या घाटावर ते उतरले तो ‘आप्रवासी घाट’ पोर्ट लुईत आजही आहे आणि २००६पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सोळा दगडी पायऱ्या आहेत. बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल, पण या पायऱ्यांवर दहा मिनिटं उभं राहायला हवं.

या व्यवहाराची एक खूण मराठीतही उरली आहे. जुन्या पिढीतले लोक पांढऱ्या साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. आपल्या माजघरात ती साखर येत होती तेव्हा तिच्यामागचा ऊस कदाचित आपल्याच शेजारगावचा माणूस तोडत होता.

तिथे मराठी अजून बोलली जाते का?

रोजच्या व्यवहारात फार कमी. घरची भाषा क्रिओल झाली आहे. पण मराठीपण टिकलं आहे ते तीन गोष्टींत: गणपती, शाळा आणि जाखडी. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि विसर्जन समुद्रात होतं. सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे, आणि मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये पुढेही तो शिकता येतो. कोकणातला जाखडीचा नाच तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचला जातो. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन गावोगावच्या मंडळांना धरून आहे. एप्रिल २०२३मध्ये याच संस्थेच्या आवारात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा देवेंद्र फडणवीस तिथे गेले होते.

आडनावांचं एक लक्षात ठेवा. तिथे पवार, शिंदे, कदम शोधायला जाल तर निराश व्हाल. बंदरावरच्या कारकुनाने मजुराचं आणि त्याच्या बापाचं पाळण्यातलं नाव लिहून घेतलं, तेही कानाला ऐकू आलं तसं, आणि पुढे तेच नाव कुटुंबाचं आडनाव झालं. त्यामुळे एखाद्या पणजोबांचं ‘बाबाजी’ हे नाव आज संपूर्ण घराण्याचं आडनाव असू शकतं.

मॉरिशसला जायला भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

पर्यटनासाठी आधी व्हिसा काढून जावं लागत नाही. विमानतळावर प्रवेशाचा शिक्का मिळतो. पण ‘व्हिसा नाही म्हणजे काहीच नाही’ असं समजून निघू नका. इमिग्रेशनच्या खिडकीवर परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा मागतात. ओळखीच्यांकडे उतरणार असाल तर त्यांचं नाव-पत्ता असलेलं पत्र जवळ असू द्या. निघण्याआधी ‘ऑल इन वन’ नावाचा डिजिटल प्रवास अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. भरल्यावर येणारा कोड मोबाईलमध्ये ठेवाच, आणि एक छापील प्रतही. किती दिवस राहता येईल ते शिक्क्याशेजारी लिहिलेलं असतं. ती तारीख तिथेच उभं राहून वाचा.

पीतज्वराचं प्रमाणपत्र सरळ भारतातून जाणाऱ्याला लागत नाही. आफ्रिकेतल्या साथीच्या देशांत थांबून पुढे जाणार असाल तर लागतं.

पर्यटक म्हणून जाऊन तिथे काम शोधलं तर?

नाही. हे ठामपणे सांगतो, कारण यात माणसं फसतात. एजंट ‘आधी फिरायला जा, मग कागद करून देतो’ असं सांगतात. पर्यटकाच्या शिक्क्यावर काम करणं हा गुन्हा आहे. काम करायचं तर मालकाने आधी वर्क परमिट काढायला हवं. वरच्या पगाराच्या नोकरीसाठी किंवा व्यवसायासाठी ऑक्युपेशन परमिट नावाची वेगळी वाट आहे. त्यात राहण्याचा आणि कामाचा परवाना एकत्र मिळतो.

तुमची नोकरी भारतात किंवा इतरत्र असेल आणि लॅपटॉपवर बसून करता येत असेल, तर ‘प्रीमियम व्हिसा’ आहे. कोविडच्या काळात, २०२०च्या अखेरीला, तो सुरू झाला. वर्षभर राहता येतं. अट अशी की उत्पन्न मॉरिशसबाहेरून यावं आणि महिन्याला किमान १५०० अमेरिकी डॉलर असावं.

यूपीआय चालतं का तिथे?

१२ फेब्रुवारी २०२४पासून यूपीआय आणि रुपे कार्ड दोन्हींची सोय सुरू झाली. पण सगळीकडे चालेल या भरवशावर जाऊ नका. भाजीबाजारात आणि बसमध्ये मॉरिशियन रुपये लागतात. त्यांच्या चलनाचं नावही रुपयाच आहे, मात्र तो आपला रुपया नव्हे.

मॉरिशसच्या माणसाला ओसीआय कार्ड मिळतं म्हणतात. ते नेमकं काय?

ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. नावात नागरिक शब्द असला तरी हे नागरिकत्व नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. हे कार्ड म्हणजे भारतात कितीही वेळा येण्या-जाण्याचा आजन्म परवाना, आणि त्यासोबत बऱ्याच आर्थिक व शैक्षणिक बाबतींत अनिवासी भारतीयांसारखी वागणूक. कितीही दिवस राहिलात तरी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागत नाही.

पूर्वी पीआयओ (पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन, म्हणजे भारतीय वंशाची व्यक्ती) नावाचं आणखी एक कार्ड होतं. जानेवारी २०१५मध्ये ते ओसीआयमध्ये विलीन झालं. जुन्या नातेवाइकांकडे अजून ते सापडतं आणि ते विचारतात की हे चालेल का. त्याच्यावर विसंबून प्रवास करू नका, ओसीआय करून घ्या.

मॉरिशससाठी वेगळा नियम का केला?

सर्वसाधारण नियमात ओसीआय पणतवंडापर्यंत मिळतं. म्हणजे पणजोबा किंवा पणजी भारतातले असल्याचं दाखवावं लागतं. अमेरिकेत १९७०च्या दशकात गेलेल्या कुटुंबाला एवढं पुष्कळ झालं. पण मॉरिशसमध्ये माणूस १८४०-५०च्या सुमारास उतरलेला. आजच्या तरुणाच्या आणि त्याच्या मध्ये सहा-सात पिढ्या आहेत. नियमाने ही मुलं बाहेर पडत होती. म्हणजे सर्वांत जुने, सर्वांत गरिबीत गेलेले लोक दाराबाहेर आणि अलीकडे गेलेले सुस्थितीतले लोक आत.

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मार्च २०२४मध्ये मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला प्रमुख पाहुण्या म्हणून गेल्या. तेव्हा त्यांनी सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशियनांना ओसीआय मिळेल अशी खास तरतूद जाहीर केली. पुढच्या वर्षी त्याच सोहळ्याला पंतप्रधान मोदी गेले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष धरम गोकुल व त्यांच्या पत्नी यांना ओसीआय कार्डं दिली. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो, फक्त तो फार उशिरा झाला.

त्यासाठी कोणते कागद लागतात?

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि पोर्ट लुईतल्या भारतीय उच्चायोगात कागद दाखवायचे. चालू मॉरिशियन पासपोर्ट तर हवाच. खरं काम आहे साखळी जोडण्याचं. तुमचा जन्मदाखला, तुमच्या आईचा किंवा वडिलांचा, मग आजोबा-आजीचा, असं एकेक कडं मागे नेत जहाजातून उतरलेल्या पूर्वजापर्यंत पोहोचायचं. जन्मदाखल्यांबरोबर लग्नाचे दाखलेही लागतात, कारण बाईच्या बाजूने वंश दाखवताना तिचं माहेरचं नाव फक्त तिथेच सापडतं.

साखळीचं शेवटचं कडं मोकाला मिळतं. महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये भारतीय आप्रवासींच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. प्रत्येक मजुराला एक क्रमांक होता. त्या क्रमांकासमोर नाव, बापाचं नाव, वय, जात, जहाज, जिल्हा, गाव, अंगावरच्या खुणा लिहिलेल्या. १८६७च्या कायद्यानंतर प्रत्येकाला फोटो लावलेलं ‘तिकीट’ सतत जवळ बाळगावं लागे. ते नसेल तर भटक्या ठरवून तुरुंगात टाकत. माणसाला मळ्याशी बांधून ठेवायला केलेला तो कागद आज त्याच माणसाच्या खापरपणतीला भारताचं दार उघडून देतो.

अडचण येते ती स्पेलिंगची. एकाच माणसाचं नाव जहाजाच्या यादीत एक, जन्मनोंदीत दुसरं आणि मुलाच्या लग्नात तिसरं असतं. फरक थोडा असेल तर प्रतिज्ञापत्राने भागतं. जास्त असेल तर आधी मॉरिशसच्या नागरी नोंदणीत दुरुस्ती करून घ्या आणि मगच अर्ज भरा. घाईने भरलेला अर्ज अडकला की नंतर सोडवायला जास्त वेळ जातो.

ओसीआय मिळाल्यावर काय करता येतं आणि काय नाही?

घर, फ्लॅट, दुकान घेता येतं. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. रत्नागिरीला जाऊन पूर्वजांच्या गावात आंब्याची बाग घ्यायची अनेकांची इच्छा असते, ती या कार्डाने पुरी होत नाही. वारशाने आलेल्या जमिनीची गोष्ट वेगळी आहे, पण दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्याच्या वाट्याला सहसा काही उरलेलं नसतं.

नोकरी-धंदा करता येतो. नीट आणि जेईईसारख्या परीक्षा देता येतात. मात्र अनिवासी भारतीयांसाठीच्या जागांवर, केवळ भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर नाही. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, घटनात्मक पदं नाहीत. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार आणि गिर्यारोहण यांसाठी २०२१च्या अधिसूचनेनुसार वेगळी परवानगी घ्यावी लागते. इतिहासाचा अभ्यास करायला येणाऱ्या मुलांनी हे आधीच लक्षात घ्यावं, नुसतं कार्ड पुरत नाही.

स्वतः किंवा आई-वडील, आजी-आजोबा, पणजोबा-पणजी यांपैकी कुणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिक असेल तर ओसीआय मिळत नाही. ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झाली आणि त्यात अर्जाआधीचं एक वर्ष भारतात काढलं, तर पूर्ण नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तेव्हा मात्र मॉरिशसचा पासपोर्ट सोडावा लागतो.

मॉरिशसचा पासपोर्ट चांगला का मानतात?

कारण छोट्या देशाने तो फार विचारपूर्वक उभा केला. २००९ साली युरोपीय संघाबरोबर व्हिसामाफीचा करार झाला, त्यामुळे शेंगेन देशांत (म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) थोड्या दिवसांसाठी विनाव्हिसा जाता येतं. चीनबरोबर २०१३मध्ये परस्पर व्हिसामाफी झाली. म्हणूनच पुष्कळ मॉरिशियनांना भारतीय नागरिकत्व नको असतं, ओसीआय हवं असतं. दोन्ही हातात राहतं.

एवढ्याशा बेटाचा विकास झाला कसा?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कुणालाही आशा नव्हती. १९६१ साली अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी पाहणी केली आणि वाढती लोकसंख्या, एकटा ऊस आणि वांशिक तेढ पाहून भविष्य अंधारलेलं असल्याचं लिहिलं. पुढे याच मीड यांना नोबेल मिळालं, पण मॉरिशसबद्दलचा त्यांचा अंदाज चुकला. निर्यातीत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा साखरेचा असलेल्या देशाने पुढच्या पन्नास वर्षांत तीनदा कूस बदलली.

पहिल्यांदा १९७०मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा केला. हाँगकाँगच्या कापड कारखानदारांना बोलावलं, शिवणयंत्रांवर हजारो बायका बसल्या. त्याच दशकात, १९७५च्या लोमे करारातून, युरोपला ठरलेल्या कोट्याची साखर बाजारभावापेक्षा चढ्या, हमीच्या दराने विकण्याची सोय झाली. तो पैसा हाताशी होता म्हणून बाकीचं जमलं. १९७७मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं. मग पर्यटन आलं. नव्वदच्या दशकात वित्तसेवा, आणि त्यानंतर भारताच्या कर्जातून उभं राहिलेलं एबेनचं सायबर सिटी.

दोन-तीन वर्षांपुढचं बघून करार करायचा, आणि एक गिऱ्हाईक गेलं तर दुसरं तयार ठेवायचं, हे त्यांना जमलं. युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी कापला आणि २००९मध्ये ती व्यवस्थाच संपवली. मॉरिशसने कारखाने कमी केले, शुद्ध आणि खास साखरेकडे वळला आणि उसाच्या चिपाडापासून वीज बनवली. आपल्या साखरपट्ट्यातल्या माणसाने हा भाग नीट अभ्यासावा असं मला वाटतं.

जुलै २०२०मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसला उच्च उत्पन्नाच्या देशांत बसवलं. कोविडने पर्यटन बंद पडलं आणि वर्षभरातच ती पायरी सुटली. जुलै २०२०मध्येच ‘वाकाशियो’ हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळावर चढलं, ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडलं. लोकांनी उसाचा पाचोळा पोत्यांत भरून, त्याचे लांबलचक तरंगते बांध शिवून तेल अडवलं. भारताने ३० टन साहित्य आणि तटरक्षक दलाचे दहा जण पाठवले.

आज काळजी आहे ती सार्वजनिक कर्जाची आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या लोकसंख्येची. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारने सगळ्यांना मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचं वय ६०वरून हळूहळू ६५वर नेण्याचं ठरवलं, तेव्हा लोक रस्त्यावर आले.

भारताने तिथे काय काय बांधलं?

डोळ्यांना दिसणारं मोठं काम म्हणजे मेट्रो एक्स्प्रेस. बांधकाम लार्सन अँड टुब्रोचं, पहिल्या टप्प्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०१९मध्ये. त्याच दिवशी कान-नाक-घशाचं नवं रुग्णालयही सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयाची इमारत जुलै २०२०मध्ये झाली. २०१६च्या ३५.३ कोटी डॉलरच्या पॅकेजमधून ही कामं निघाली, त्यातच घरकुलं आणि शाळकरी मुलांसाठी टॅब्लेट होते. सप्टेंबर २०२५मध्ये पंतप्रधान नवीनचंद्र रामगुलाम वाराणसीला आले तेव्हा सुमारे ६८ कोटी डॉलरचं नवं पॅकेज जाहीर झालं.

व्यापारात १ एप्रिल २०२१पासून दोन्ही देशांत ‘सीईसीपीए’ हा सर्वसमावेशक आर्थिक सहकार्य आणि भागीदारीचा करार लागू आहे. आफ्रिकेतल्या देशाबरोबर भारताने केलेला तो पहिलाच. पण हेही बघा की त्याच वर्षी १ जानेवारीला चीनबरोबरचा मुक्त व्यापार करारही लागू झाला, आणि चीनसाठीही तो आफ्रिकेतला पहिलाच. आपल्याकडे हे वाचून काहींना राग येतो. येऊ नये. बारा-तेरा लाखांच्या देशाने एकाच खुंटीला सगळं टांगायचं नसतं.

अगालेगावर भारताचा लष्करी तळ आहे का?

दोन्ही सरकारांनी ते नाकारलं आहे. २०१५च्या समझोत्यानुसार भारताने तिथे सुमारे तीन किलोमीटरची धावपट्टी आणि जेटी बांधली, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी उद्घाटन झालं. बेट मॉरिशसचं आहे आणि मालकी मॉरिशसचीच राहिली आहे. सागरी टेहळणीला तिचा उपयोग होतो हे लपवण्यासारखं नाही. मॉरिशसकडे सैन्य नाही, फक्त पोलीस आणि तटरक्षक दल, आणि राखायचा समुद्र मात्र अफाट.

तिथे सुमारे तीनशे लोक राहतात. आजारी माणसाला विमानाने हलवता येणं ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट आहे. त्यांची भीतीही खरी आहे, आणि ती समजायला चागोस समजावं लागतं.

चागोसचं प्रकरण काय आहे?

१९६५ साली, स्वातंत्र्य देण्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने चागोस मॉरिशसपासून तोडलं. त्यातलं दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिलं. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या रहिवाशांना जहाजांत घालून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडलं. घर, नारळाच्या बागा, पूर्वजांच्या कबरी मागे राहिल्या. त्यांची कुत्रीसुद्धा मारून टाकली.

मॉरिशसने हा लढा बंदुकीशिवाय, कागदाने लढला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ही फाळणी बेकायदा होती. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला. भारत पहिल्यापासून मॉरिशसच्या बाजूने उभा राहिला. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने करारावर सही केली. त्याप्रमाणे सार्वभौमत्व मॉरिशसचं आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. सही झाली म्हणजे अंमल झाला असं नाही, त्याला दोन्हीकडची मंजुरी लागते. आणि ज्यांना उचललं त्या चागोसवासीयांपैकी अनेकांचं म्हणणं आहे की या सगळ्यात आम्हाला कुणी विचारलंच नाही. ते म्हणणं रास्त आहे.

‘मॉरिशस रूट’ म्हणजे काय?

१९८२च्या करकरारामुळे मॉरिशसमधल्या कंपनीने भारतातले शेअर विकून कमावलेल्या नफ्यावर भारतात कर लागत नव्हता, आणि मॉरिशसमध्येही जवळपास नव्हताच. त्यामुळे जगभरचा पैसा तिथे कंपनी काढून भारतात येऊ लागला. २०००नंतर आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा साधारण चौथा हिस्सा या वाटेने आला. त्यात काही पैसा भारतातूनच गेलेला आणि फिरून आलेला होता. मे २०१६मध्ये करार बदलला, आणि १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअरवर भारतात कर लागतो. कुणी सल्लागार आजही तुम्हाला जुन्या सवलतीची गोष्ट सांगत असेल तर उठून या.

माझ्या गावातून कुणी मॉरिशसला गेलं होतं का, हे शोधता येईल?

येईल, पण उलट्या बाजूने शोधणं अवघड आहे. मोकाच्या वह्या माणसाच्या क्रमांकाने आणि जहाजाने लावलेल्या आहेत, गावाने नाही. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याचे जुने कागद आहेत. तिथून सुरुवात करता येते. गावाचं आजचं नाव पुरत नाही. त्या काळचा तालुका, जवळचं बंदर आणि इंग्रजी कागदांत ते नाव कोणकोणत्या स्पेलिंगने लिहिलं जाई, हे आधी जुन्या गॅझेटियरमधून उतरवून घ्या. घरात ‘तो समुद्रापार गेला, परत आला नाही’ अशी एखादी कहाणी असेल तर तीही लिहून ठेवा, त्यात बापाचं नाव आणि अंदाजे साल असेल तर उत्तम.

तिकडून शोधत येणाऱ्यांना मदत करायची असेल तर आणखी एक करा. कुणी मॉरिशियन माणूस जुन्या नोंदीची छायाप्रत घेऊन गावात आला, तर त्यावरचं गावाचं नाव मोठ्याने वाचून दाखवायला एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे न्या. पोर्ट लुईच्या कारकुनाने ते कानाने ऐकून लिहिलेलं असतं. डोळ्यांना न लागणारं नाव पुष्कळदा कानाला लागतं.